नळ उघडा, मशीन मात्र कोरडी

'घरातली यंत्रे' या सदरासाठी या वेळी आलेल्या पत्रांमध्ये एक तक्रार पुन्हा पुन्हा दिसली. वॉशिंग मशीन सुरू होते, दिवे लागतात, पण आत पाणी येत नाही. ही पत्रे विदर्भाच्या खेड्यांतून आलेली आहेत, आणि गावातला पाण्याचा व विजेचा पुरवठा शहरासारखा नसल्यामुळे त्यांची उत्तरेही माहितीपुस्तिकेत सापडतीलच असे नाही. म्हणून हे संपूर्ण सदर या एकाच विषयाला दिले आहे. पत्रलेखकांच्या विनंतीवरून नावे छापलेली नाहीत.

प्रश्न : दोन वर्षांपूर्वी दिवाळीला मुलाने वरून झाकण असलेली पूर्ण ऑटोमॅटिक मशीन घेऊन दिली. आमचे घर टिनाचे आहे, फक्त न्हाणीवर सात फुटांवर स्लॅब आहे आणि त्यावर ५०० लिटरची टाकी ठेवलेली आहे. बोअरचे पाणी टाकीत चढवतो आणि टाकीतून अर्धा इंची पाइपाने मशीनला पाणी दिले आहे. पहिले वर्षभर मशीन सकाळी व्यवस्थित चालत असे, दुपारी मात्र कधी कधी अडत असे. आता तीन महिन्यांपासून ती सकाळीही अडते. बटण दाबल्यावर बारीक धार येते, मग तीही थांबते आणि थोड्या वेळाने पडद्यावर इंग्रजी अक्षरे उमटून मशीन वाजू लागते. तालुक्याहून आलेल्या मेकॅनिकने मागची बाजू न उघडताच बोर्ड गेल्याचे सांगितले आणि नव्या बोर्डाचे साडेपाच हजार रुपये मागितले. गुडघ्यांच्या दुखण्यामुळे मला खाली बसून धुणे जमत नाही. बोर्ड बदलून घ्यावा का?
— एक वाचक भगिनी, ता. दर्यापूर, जि. अमरावती

उत्तर : ताई, बोर्ड, म्हणजे मशीनला हुकूम देणारी आतली इलेक्ट्रॉनिक पाटी, अजून बदलू नका. आपण पत्रात इतके बारकाईने लिहिले आहे की दुखणे कुठे आहे याचा बराचसा अंदाज त्यावरूनच येतो. मशीन सकाळी चालत असे आणि दुपारी अडत असे, हे आपले वाक्य मला सर्वांत महत्त्वाचे वाटते. जळलेला बोर्ड सकाळ-दुपार पाहत नाही. सकाळ आणि दुपार यांत आपल्या घरी बदलते ती टाकीतल्या पाण्याची पातळी.

मशीनच्या मागे जिथे पाइप जोडलेला असतो, तिथे आत विजेवर उघडणारा एक व्हॉल्व्ह असतो. वीज मिळाली की तो स्वतःच्या ताकदीने पूर्ण उघडतो असा बहुतेकांचा समज असतो, परंतु प्रत्यक्षात तसे होत नाही. व्हॉल्व्हच्या आत एक रबरी पडदा असतो आणि एरवी पाण्याच्याच दाबाने तो बंद राहतो. वीज आली की आतली कॉइल एक बारीकशी दांडी वर ओढते, पडद्याच्या मधले लहान छिद्र मोकळे होते, पडद्याच्या वरचा दाब कमी होतो आणि मग खालचे पाणी पडद्याला उचलून आत शिरते. थोडक्यात, वीज फक्त कडी काढते, दार पाण्याला स्वतः ढकलून उघडावे लागते. पाण्यात तेवढा जोर नसेल तर व्हॉल्व्ह, बोर्ड, वायर सगळे धडधाकट असूनही मशीन कोरडी राहते.

हा जोर टाकीच्या उंचीवरून मोजता येतो. सुमारे एक मीटर, म्हणजे सव्वातीन फूट उंचीच्या पाण्याने ०.१ बार दाब मिळतो. कित्येक मशीनच्या पुस्तिकांत किमान ०.३ बार दाब हवा असे लिहिलेले असते आणि काही मशीनना त्याहून जास्त लागतो. ०.३ बार म्हणजे पाण्याची पातळी मशीनच्या पाइपाच्या तोंडापासून साधारण दहा फूट वर असायला हवी. इथे उंची जमिनीपासून धरायची नाही, ती मशीनच्या तोंडापासून धरायची, आणि ते तोंड जमिनीपासून जवळपास तीन फुटांवर असते. आता आपल्या घराचा हिशेब पाहा. स्लॅब सात फुटांवर आहे आणि सकाळी भरलेल्या टाकीत पाणी आणखी सुमारे तीन फूट उभे असते. जमिनीपासून दहा फूट झाले, त्यातून मशीनचे तीन फूट वजा केले की हाती सात फूट राहतात. हा दाब जेमतेम ०.२ बार भरतो. दुपारी टाकी तळाला गेली की उरतात चार फूट, म्हणजे ०.१ बारपेक्षा थोडाच अधिक. याचा अर्थ आपली मशीन पहिल्या दिवसापासून काठावरच चालत होती. तिने वर्षभर सकाळी काम केले हे तिच्या चांगलेपणाचेच लक्षण आहे.

मग तीन महिन्यांपूर्वी असे काय झाले की सकाळीही ती अडू लागली? याचे उत्तर बहुधा आपल्या भागाच्या पाण्यात आहे. दर्यापूर तालुका पूर्णा नदीच्या खोऱ्यातल्या खारपाणपट्ट्यात येतो. अमरावती, अकोला आणि बुलढाणा या जिल्ह्यांतून हा पट्टा जातो आणि तिथल्या भूजलात क्षार भरपूर असतात, हे आपल्याला मी सांगायला नको; बोअरचे पाणी तोंडात धरवत नाही हे तिथल्या लहान मुलालाही ठाऊक असते. हेच पाणी दररोज मशीनच्या तोंडाशी येते. तिथे कचरा अडवण्यासाठी एक नखाएवढी बारीक जाळी बसवलेली असते आणि तिच्या छिद्रांवर क्षारांचा पांढरा थर चढत जातो. पावसाळ्यात गढूळ पाणी आले की काळ्या मातीचा चिकट गाळ त्यावर बसतो. मुळातच दाब कमी, त्यात छिद्रे बुजत चालली, अशा वेळी धार बारीक होणारच.

तेव्हा सर्वप्रथम ती जाळी काढा. हे काम घरच्या घरी होते. मशीनचे बटण बंद करून प्लग भिंतीतून काढा, टाकीचा कॉक बंद करा, खाली परात किंवा पातेले ठेवा आणि मागचा पाइप हातानेच उलटा फिरवून सोडवा. पाइप निघाल्यावर व्हॉल्व्हच्या तोंडात प्लॅस्टिकची गोल जाळी दिसेल. तिच्या मधोमध एक लहानसा उंचवटा असतो. बारीक तोंडाच्या पकडीने तो हलकेच धरून सरळ बाहेर ओढा. ओढताना पिरगाळू नका, जाळी फाटली तर नवी मिळवण्यासाठी अमरावती गाठावी लागेल. जाळी हातात आली की ती उजेडाकडे धरून पाहा. पलीकडचा उजेड छिद्राछिद्रांतून दिसला पाहिजे. जिथे दिसत नाही तिथून पाणीही जात नव्हते.

जुन्या दात घासायच्या ब्रशने गाळ निघून जातो, मात्र क्षाराचा थर नुसत्या घासण्याने निघत नाही. त्यावर लिंबू पिळा. बारीक बुडबुडे आले तर तो चुन्याचा थर आहे असे समजा आणि वाटीभर कोमट पाण्यात दोन लिंबांचा रस किंवा चमचाभर लिंबूसत्त घालून जाळी अर्धा-पाऊण तास त्यात बुडवून ठेवा. बुडबुडे आले नाहीत तर साध्या कोमट पाण्यात विरघळणारे मीठच असण्याची शक्यता आहे. जाळी स्वच्छ झाली की तशीच परत बसवा. काही मेकॅनिक 'पाणी जोरात येईल' म्हणून जाळी काढून फेकून देतात. हे अतिशय चुकीचे आहे. जाळी नसेल तर वाळूचा एखादा कण आत जाऊन रबरी पडद्याखाली अडकतो आणि मग मशीन बंद असतानाही पाणी आत येतच राहते. पाइप परत लावताना आतले रबरी वायसर जागेवर आहे ना ते पाहा आणि हातानेच घट्ट करा. पाना लावला की प्लॅस्टिकचे आटे तुटतात. पाइपाच्या नळाकडच्या टोकालाही कधी कधी दुसरी जाळी असते, तीही विसरू नका.

पाइप सुटलेला आहे तोवर एक परीक्षा करून घ्या. १५ लिटरची बादली स्टुलावर अशी ठेवा की तिचा काठ मशीनच्या तोंडाच्या उंचीला येईल, पाइपाचे टोक त्याच उंचीवर धरा, कॉक पूर्ण उघडा आणि घड्याळ लावून पाहा. बादली दोन मिनिटांच्या आत भरली पाहिजे. ही परीक्षा अनेक जण बादली जमिनीवर ठेवून करतात, पाणी धो धो येताना पाहतात आणि पुरवठ्यात दोष नाही असे ठरवतात. बादली जमिनीवर ठेवली की उंची तीन फुटांनी वाढते, आणि ज्या घरात एकूण उंचीच सात फूट आहे तिथे तीन फुटांनी सगळा निकाल उलटतो. धार तुटक, फसफस करत येत असेल तर पाइपात हवा अडकली आहे. टाकीपासून येणारा पाइप मध्येच वर चढून पुन्हा खाली उतरत असेल तर त्या उंचवट्यावर हवा कोंडते आणि कमी दाबाचे पाणी तिला ढकलू शकत नाही. पाइप एकसारख्या उताराने आणला की हा त्रास जातो.

आता मशीन काय म्हणते ते ऐका. पाइप जोडून, कॉक उघडून मशीन सुरू करा आणि मागच्या बाजूला कान द्या. 'टक्' असा आवाज येऊन पुढे बारीक गुणगुण ऐकू आली, तर व्हॉल्व्हपर्यंत वीज पोहोचते आहे आणि बोर्डाने आपले काम केले आहे. गुणगुण असून पाणी नाही, म्हणजे दोष दाबाचा, जाळीचा किंवा आतल्या पडद्याचा. आपल्याकडे बारीक का होईना, धार येते. धार येते याचाच अर्थ बोर्ड व्हॉल्व्हला उघडायला सांगतो आहे. ती अक्षरे पाणी ठरावीक वेळात ठरावीक पातळीपर्यंत चढले नाही एवढेच बहुधा सांगत असावीत. एलजीच्या मशीनवर अशा वेळी 'आयई' आणि सॅमसंगच्या मशीनवर 'फोर ई' किंवा 'फोर सी' असे दिसते, इतर मशीनची अक्षरे त्यांच्या पुस्तिकेत असतात. हा मजकूर बोर्ड जळल्याचा नाही.

एवढे करूनही मेकॅनिकला बोलवावेच लागले, तर त्याला दोन मापे आपल्यासमोर घ्यायला सांगा. पहिले माप मशीनचा प्लग काढून व्हॉल्व्हच्या कॉइलचे घ्यायचे. २३० व्होल्टच्या कॉइलचा रोध साधारण तीन ते पाच किलोओहम येतो. मीटरवर काहीच आकडा आला नाही तर कॉइल तुटलेली आहे आणि फक्त व्हॉल्व्ह बदलायचा आहे. त्याची किंमत बोर्डाच्या किमतीच्या मानाने किरकोळ असते. दुसरे माप मशीन पाणी मागत असताना व्हॉल्व्हच्या टोकांवर येणाऱ्या व्होल्टेजचे. तिथे पूर्ण व्होल्टेज येत असेल तर बोर्डाला हात लावायचे कारण नाही. ही दोन्ही मापे पाच मिनिटांत होतात. ती न घेता साडेपाच हजार रुपये मागणे मला अजिबात पटत नाही, आणि ताई, ही मापे मागण्याचा आपल्याला पूर्ण अधिकार आहे. हे दुसरे माप चालू विजेवर घ्यायचे असल्याने ते जाणकारानेच घ्यावे. घरच्या कोणीही मागचा पत्रा उघडू नये.

जाळी साफ झाल्यावर मशीन पूर्वीसारखी सकाळी चालू लागेल अशी मला आशा आहे. दुपारचे दुखणे मात्र उंचीचे आहे आणि त्यावर दोन उपाय आहेत. टाकी लोखंडी स्टँडवर चार-पाच फूट उचलता आली तर सगळ्यात उत्तम, कारण त्याला ना वीज लागते ना दुरुस्ती. परंतु भरलेल्या ५०० लिटरच्या टाकीचे वजन पाच क्विंटलहून जास्त होते. न्हाणीच्या भिंती विटांच्या पक्क्या असतील आणि गवंडी हो म्हणत असेल तरच हे करा, जुन्या मातीच्या भिंतीवर हा भार टाकू नका. दुसरा उपाय म्हणजे टाकी आणि मशीन यांच्यामध्ये नळ उघडताच आपोआप चालू होणारा लहान प्रेशर पंप बसवणे. दोन्हींपैकी काहीही करा, पण टाकीपासून मशीनपर्यंत स्वतंत्र, पाऊण इंची आणि कमीत कमी एल्बो असलेला पाइप टाका. एकाच अर्धा इंची पाइपावर न्हाणी, मोरी आणि मशीन असली तर कोणी तोंड धुवायला नळ उघडला तरी मशीन अडते.

तोवर आपले गुडघे सांभाळून काम चालवायचे असेल, तर आपल्या मशीनमध्ये बादलीने पाणी ओतता येते. वरून झाकण असलेल्या मशीनला पाणी कुठून आले याच्याशी देणेघेणे नसते. टबाच्या तळाशी जोडलेल्या एका बारीक नळीत हवा दाबली जाते आणि त्या दाबावरून तिला पातळी कळते. पातळी गाठली की ती आपोआप धुवायला लागते. कॉक उघडाच ठेवा आणि वरून बादल्या ओता. खळबळण्याच्या वेळी ती पुन्हा पाणी मागेल, तेव्हा पुन्हा ओतावे लागेल. बादल्या उचलण्याचे काम मात्र घरातल्या तरुणांना सांगा.

प्रश्न : माझ्याकडे पुढून दार असलेली मशीन आहे. पाण्याचा जोर उत्तम आहे, टाकी दुमजली घराच्या स्लॅबवर आहे. सकाळी मशीन चालते. संध्याकाळी सात वाजता सुरू केली तर दिवे लागतात, पण ना आवाज ना पाणी. गहू-हरभऱ्याच्या ओलिताचे दिवस आले की त्या वेळी आमच्याकडे बल्ब पिवळे पडतात. याचा काही संबंध असेल का?
— एक वाचक, ता. आर्णी, जि. यवतमाळ

उत्तर : भाऊ, संबंध असण्याची दाट शक्यता आहे. पुढून दार असलेली मशीन दार पक्के कुलूपबंद झाल्याखेरीज पाण्याच्या व्हॉल्व्हला वीज देत नाही, कारण अर्धवट लागलेल्या दारातून सगळे पाणी घरभर होईल. कित्येक मशीनमध्ये हे कुलूप आतला एक लहान तुकडा विजेने तापून लागते. बटण दाबल्यावर काही सेकंदांनी दारापाशी जो 'टक्' आवाज येतो तो त्याचाच. व्होल्टेज फार उतरले तर तो तुकडा उशिरा तापतो, कुलूप लागत नाही आणि मशीन नुसती पाहत राहते. कुलूप लागलेच तरी २३० व्होल्टसाठी बनवलेली व्हॉल्व्हची कॉइल कमी व्होल्टेजवर आतली दांडी उचलू शकत नाही.

आज संध्याकाळी दारापाशी कान देऊन तो आवाज येतो का ते पाहा, आणि शक्य असल्यास गावातल्या वायरमनकडून त्याच वेळी प्लगमधले व्होल्टेज मोजून घ्या. सकाळी २२०-२३० आणि संध्याकाळी १६०-१७० असे काही दिसले, तर मशीनमध्ये शोधण्यासारखे काही नाही. सर्वांत सोपा उपाय म्हणजे ओलिताच्या दिवसांत मशीन सकाळीच लावणे. स्टॅबिलायझर घ्यायचा असेल तर फ्रिजचा छोटा स्टॅबिलायझर इथे चालणार नाही. आपल्या मशीनमध्ये पाणी तापवण्याचा हीटर असल्यास ती सुमारे दोन किलोवॅट वीज ओढते, तेव्हा तेवढ्या क्षमतेचाच घ्यावा लागेल. वीज कंपनीकडे लेखी तक्रारही जरूर करा. एकट्याने केलेल्या अर्जापेक्षा त्याच डीपीवरच्या (ट्रान्सफॉर्मरवरच्या) दहा घरांनी मिळून केलेल्या अर्जाकडे लवकर लक्ष जाते.

सकाळीही कधी असेच झाले, तर दोन गोष्टी पाहून घ्या. लहान मुलांसाठीचे चाइल्ड लॉक चुकून लागले असेल किंवा उशिरा सुरू होण्याची वेळ लावली गेली असेल, तरी दिवे लागतात आणि मशीन गप्प राहते. दुसरी गोष्ट उंदरांची. कापूस, तूर, गहू घरात आले की उंदीर येतात, आणि मशीनच्या खालची मोकळी बाजू ही त्यांना हक्काची जागा वाटते. व्हॉल्व्हची वायर कुरतडली तर पाणी येणे बंद होते, आणि पातळी ओळखणारी नळी कुरतडली तर उलट पाणी थांबतच नाही. माझ्या आईच्या घरी दोन्ही प्रकार एकाच हिवाळ्यात घडले. तेव्हापासून आम्ही मशीन भिंतीला चिकटवून ठेवत नाही, विटांच्या ओट्यावर ठेवतो आणि खालच्या बाजूला बारीक लोखंडी जाळी लावतो. हवा खेळती राहावी म्हणून पुठ्ठा किंवा फळी लावलेली नाही.

प्रश्न : आमच्याकडे टाकी नाही. नळयोजनेचे पाणी दिवसाआड तासभर येते. मशीनचा पाइप थेट नळाला जोडला, पण दाब कमी पडतो. शेजारच्यांनी नळाला टुल्लू पंप लावला आहे. आम्हीही लावून मशीन भरावी का?
— एक वाचक, ता. हिंगणघाट, जि. वर्धा

उत्तर : कृपया असे करू नका. सार्वजनिक नळाच्या लाइनवर थेट मोटर लावण्यास मनाई असते, आणि मनाई नसती तरी मी हेच सांगितले असते. आपण मोटर लावून जे पाणी ओढाल ते लाइनच्या शेवटच्या टोकाला राहणाऱ्या घरांच्या वाट्याचे असेल. १५ ऑगस्ट २०१९ रोजी जाहीर झालेल्या जल जीवन मिशनमध्ये ग्रामीण भागातल्या प्रत्येक माणसासाठी दिवसाला ५५ लिटर पाणी धरलेले आहे. पाच माणसांच्या घराला हे २७५ लिटर झाले, आणि वरून भरणारी मोठी मशीन एका धुण्यात त्यातला मोठा हिस्सा घेते. शिवाय मोटर लाइनमधून पाणी ओढते तेव्हा फुटक्या सांध्यांतून नालीचे पाणीही आत ओढले जाण्याचा धोका असतो, आणि तेच पाणी पिण्याच्या गुंडात, म्हणजे हंड्यात, भरले जाते.

आपल्यासाठी मार्ग असा आहे. नळाच्या वेळी पाणी जमिनीवरच्या ड्रममध्ये किंवा हौदात साठवा आणि तिथून लहान पंपाने मशीनला द्या. ड्रममधून पंप लावण्यास कोणाची हरकत नाही. मशीन अजून घ्यायची असती तर मी सेमी-ऑटोमॅटिकच घ्यायला सांगितले असते, कारण तिच्यात विजेवरचा पाण्याचा व्हॉल्व्ह नसतो. पाइप लावा, बादली ओता किंवा मगाने भरा, तिला दाबाची गरजच पडत नाही. गावात दुकानदार पूर्ण ऑटोमॅटिक मशीन आग्रहाने विकतात आणि घरी टाकी किती उंचीवर आहे हे विचारत नाहीत, याचे मला फार वाईट वाटते. 'शून्य दाबावरही भरते' असे लिहिलेली मॉडेलही बाजारात मिळतात. अशी मशीन घेताना किमान दाबाचा आकडा पुस्तिकेत वाचून, आपल्या टाकीची उंची मोजून मगच पैसे द्यावेत.

प्रश्न : आमच्या मशीनमध्ये पाणी जोरात येते, तरी टब भरत नाही. अर्ध्या तासात टाकी रिकामी होते आणि मशीन तशीच पाणी मागत राहते. धान चुरण्याच्या दिवसांपासून हे सुरू झाले आहे. मशीन वरून झाकण असलेली आहे.
— एक वाचक भगिनी, ता. लाखांदूर, जि. भंडारा

उत्तर : ताई, पाणी एका बाजूने येते आणि दुसऱ्या बाजूने निघून जाते आहे. मशीन बंद करून प्लग काढा, टबात दोन बादल्या पाणी ओता आणि मागचा सांडपाण्याचा पाइप पाहत राहा. मशीन बंद असतानाही त्यातून पाणी गळत असेल तर टबाखालचा, पाणी सोडण्याचा व्हॉल्व्ह पूर्ण मिटत नाही. चुरणीच्या, म्हणजे मळणीच्या, दिवसांतल्या कपड्यांच्या खिशांत, नेहरू शर्टच्या शिवणीत, लुगड्याच्या काठात धानाचे तूस आणि तणसाचे तुकडे अडकलेले असतात. ते या व्हॉल्व्हच्या रबराखाली जाऊन बसतात. नाणे, गुंडी किंवा केसांची पिन अडकली तरी हेच होते.

टब बादल्यांनी शक्य तेवढा भरा आणि मशीन फक्त पाणी सोडण्याच्या व सुकवण्याच्या क्रमावर लावा. एकदम लोंढा गेला की तूस पुष्कळदा त्यासोबत वाहून जाते. असे तीन-चार वेळा करा आणि पाइपाच्या टोकाला जुने फडके बांधून ठेवा, म्हणजे काय निघाले ते दिसेल. इतके करूनही गळती थांबली नाही तर व्हॉल्व्ह खालून उघडून साफ करावा लागेल आणि त्यासाठी मेकॅनिकच हवा. आपल्या मशीनला पाणी उपसणारा पंप असेल, तर मात्र आधी सांडपाण्याच्या पाइपाची उंची पाहा. अशा मशीनचा पाइप जमिनीवर लोळत असेल तर पाणी आपोआप ओढले जाऊन वाहून जाते. तो जमिनीपासून दोन ते तीन फूट वर अडकवला की गळती तिथेच थांबते. पंप नसलेल्या मशीनचा पाइप मात्र खालीच राहू द्यावा, नाहीतर पाणी बाहेर पडणार नाही. आपली मशीन कोणत्या प्रकारची आहे हे पाणी सोडताना येणाऱ्या आवाजावरून कळेल : पंप असेल तर घरघर ऐकू येते आणि पाणी धक्क्याधक्क्याने बाहेर पडते, नसेल तर ते एकसारखे शांतपणे वाहते.